बिनलसणाच्या बरगड्या

"लसूण घालायचा नाही म्हणजे नाही," असं म्हणून साधनाने भावाच्या हातातली सोललेल्या पाकळ्यांची पुडी हिसकावली आणि मागच्या गॅलरीतून खालच्या बोळात भिरकावली.

ज्ञानेश्वर बघतच राहिला. ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून त्याने थर्माकोलची पेटी उघडली होती. पेटीत बर्फ, बर्फात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत डुकराच्या बरगड्यांच्या दोन लांब फळ्या. घोडेगावच्या पेठेत, साधनाचे सासरे रमणलाल शेठ यांच्या किराणा दुकानावरच्या माडीत, जिथे बटाटासुद्धा कधी आला नव्हता तिथे आज हे आलं होतं.

"ताई, चायनीजमधी लसूण न्हाई म्हंजी मग राह्यलं काय?"

"डुक्कर राहिलंय ना. तेवढं पुरे." साधना दबक्या आवाजात म्हणाली. "हे बघ ज्ञाना, डुकराचा वास या घरात कुणाला ओळखू यायचा नाही. जन्मात कुणी घेतलेला नाही. लसणाचा मात्र माझ्या सासूबाईंना चार घरांपलीकडून येतो. लसूण घातलास की मेलेच मी."

"बरं. आलं तरी दे."

"जमिनीखालचं काही नाही. सुंठ घे, दुकानातली आहे."

"आन् मध?"

"मध तर अजिबात नाही. गूळ देते."

ज्ञानेश्वरने कपाळाला हात लावला. पुण्याच्या चायनीज हॉटेलात भांडी घासण्यापासून कढईपर्यंत चढलेला माणूस तो. सोया सॉस आणि व्हिनेगरच्या बाटल्या त्याने बरोबर आणल्या होत्या, पण मधावाचून, लसणावाचून रिब्ज करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. एरवी दोघं बहीणभाऊ पोट धरून हसले असते. आज साधना घड्याळ बघत होती.

नकार द्यायला तिने काल फोनवर दहा वेळा तोंड उघडलं होतं. पुण्याचं हॉटेल बंद पडल्यापासून ज्ञाना घरी बसून होता आणि त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. नारायणगावच्या बाजूला एका लॉजमध्ये कसलीशी यंत्रं बसवायला आलेले चिनी इंजिनियर उतरले होते. वरणभाताला कंटाळले होते बिचारे. लॉजचा मालक म्हणाला, आज रात्रीच्या जेवणाला त्यांच्या पद्धतीच्या बरगड्या करून आण, त्यांनी बोटं चाटली तर उद्यापासून किचन तुझं. लॉजवर तंदूर होता, ओव्हन नव्हता. मंचरच्या एका बेकरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, माझ्या भट्टीत गावाचे पाव भाजतात, डुक्कर कसलं घालतोस. मग राहिला एकच ओव्हन, बहिणीचा. तिला नाही म्हणवेना. पारसबरोबर तिने कोर्टात लग्न केलं तेव्हा बाप हौशीराम 'पोरगी मेली' म्हणून मोकळा झाला होता. साक्षीदार म्हणून सही करायला माहेरचा एकच माणूस आला, हा ज्ञाना. त्या सहीपायी बापाने त्यालाही दार बंद केलं ते आजतागायत.

आणि हा ओव्हन म्हणजे नुसता ओव्हन नव्हता. पहिल्या वर्षी सासूबाईंनी, सज्जनबाईंनी, तिला चुलीजवळ उभं केलं नव्हतं. डोंगरातली पोर, मांसमच्छी खाऊन वाढलेली, तिच्या हातचं घरात कोण खाणार? तिने महासतींसमोर, म्हणजे जैन साध्वींसमोर, मांस सोडल्याचा नियम घेतला, तरी बायकांची कुजबुज थांबली नाही. मग पारसने हा ओव्हन आणला आणि ती बिनअंड्याची नानकटाई करायला शिकली. पेठेतल्या बायकांनी आधी तिची नानकटाई खाल्ली, मग हळूहळू तिला नावाने हाक मारायला लागल्या. आज महासतीजी विहार करत गावात येणार होत्या आणि व्याख्यानानंतर वाटायच्या खाऊचा, प्रभावनेचा मान पहिल्यांदाच साधनाच्या नानकटाईला मिळाला होता. ती पहाटेच भाजून, डब्यात भरून खाली दुकानात ठेवली होती. नानकटाईचं निमित्त सांगूनच ती घरी राहिली होती. घरचे सगळे जैन स्थानकात, तिथेच जेवण, संध्याकाळशिवाय कुणी परत यायचं नाही. तेवढ्या वेळात काम उरकायचं, ओटा सोड्याने धुवायचा, ओव्हन घासूनपुसून लख्ख करायचा, असा तिचा हिशेब होता.

"उद्यापासनं याच्यात नानकटाई करशील व्हय?" ज्ञानेश्वरने सुरी पुसत विचारलं.

साधनाने मसाल्याचा डबा त्याच्यापुढे सरकवला. तो प्रश्न तिने स्वतःलाही विचारला होता आणि तिथून मन पळवून लावलं होतं.

त्याने बरगड्यांच्या आतल्या बाजूचा पातळ पडदा सुरीच्या टोकाने उचलला, फडक्यात धरला आणि एका ओढीत सरकन काढला. "ह्यो ऱ्हायला की चामडं होतंय," तो म्हणाला. मग दालचिनी, लवंग, मिरी, बडीशेप आणि चक्रीफूल तव्यावर जरा शेकवून कुटलं, त्यात सुंठ आणि मीठ मिसळलं आणि तो मसाला मांसात बोटांनी जिरवला. वरून सोया सॉस, व्हिनेगर, किसलेला गूळ. खारट, आंबट, गोड, सगळं एकात. फळ्या चंदेरी कागदात घट्ट गुंडाळल्या आणि ओव्हन मंद ठेवला. दोन-अडीच तास असंच कागदात शिजू द्यायचं, मग कागद उघडून गुळाचा पाक ब्रशने पुन्हा पुन्हा लावत वरून लाल करायचं. घाईचं काम नव्हतं ते, आणि साधनाला तर एकेक मिनिट डोंगराएवढं वाटत होतं.

तिने ओव्हनच्या काचेवर टॉवेल टाकला, खिडक्या उघडल्या, उदबत्ती लावली. जिन्यात जरा खुट्ट झालं की ती दाराशी जाऊन कान लावी. एकदा मांजर होतं, एकदा खालून भीमाशंकरची एसटी गेली.

दीड-दोन तासांनी वास सुटला. आधी चक्रीफूल आणि दालचिनीचा, गुळाचा, अगदी सणासुदीचा. मग त्याच्या तळातून तो दुसरा वास हळूच वर आला आणि साधना जागच्या जागी उभी राहिली. बाप रानातून डुक्कर घेऊन यायचा, सगळी वाडी वाटे घ्यायला जमायची, आई चुलीवर चरबी वितळवायची, तो वास. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. आपल्याच तोंडाची तिला इतकी भीती वाटली की तिने घाईघाईने उकळलेलं पाणी भांडंभर पिऊन टाकलं. नियम जिभेने घेतला होता, नाकाने कुठं घेतला होता!

"काय झालं गं?"

"काही न्हाई झालं," ती म्हणाली. घाबरली की तिची बोली माहेरी पळायची. "अजून किती येळ?"

"कागद काढायला आलाच टाईम."

आणि तेवढ्यात पंखा घरघरत थांबला. ओव्हनचा लाल दिवा विझला.

लाईट रोज सकाळी जायची, आज सकाळी गेली नव्हती म्हणून साधना मनातल्या मनात देवाचे आभार मानून बसली होती. आता ती गेली. कधी येईल ते वीज मंडळाला माहीत.

"बाहेर काढून घेऊन जा," ती म्हणाली.

"अर्धं कच्चं? डुक्कर हाय त्ये, ताई, कच्चं खाऊन पाव्हण्याला काय झालं तर जेलात जाईन. आन् आता झाकण उघडलं की आतली धग जाती. बस जरा. येईल लाईट."

दोघं बसली. ओव्हन गप्प झाला होता, पण वास कुठं गप्प बसतो? तो माडीभर पसरला, जिन्यात उतरला. साधना पदराने वारा घालून तो खिडकीबाहेर ढकलत होती, म्हणजे नुसतीच पदर हलवत होती.

मग जिन्यावर खरोखरच पावलं वाजली, धावत येणारी. ज्ञानेश्वर पेटी उचलून मागच्या गॅलरीत गेला आणि साधनाने गॅलरीचं दार ओढून घेतलं. खुशबू आत आली. नणंद तिची, मंचरच्या कॉलेजात शिकणारी, एरवी भाभीच्या गळ्यात पडून राहणारी. तिला धाप लागली होती.

"भाभी, लवकर हात पुस! महासतीजी गोचरीला येतायत. आपल्याकडे! मोठ्या महासतींनी मम्मीला विचारलं, सून दिसली नाही? मम्मी म्हणाली, घरी प्रभावनेचं करतेय. तर त्या म्हणाल्या, मग आज तिच्याच हातचं घेऊ. सगळ्या बायका ऐकत होत्या, भाभी! मम्मी रडली." एवढं बोलून तिने नाक वर केलं. "काय केलंयस गं? काय मस्त वास सुटलाय!"

ती टॉवेलकडे गेली. साधनाने तिच्या हातावर इतक्या जोरात मारलं की फटकन आवाज झाला.

खुशबू बघत राहिली. लग्न होऊन आल्यापासून भाभीने तिच्या अंगाला बोट लावलं नव्हतं. "बघत होते फक्त," ती म्हणाली आणि डोळे भरून दारात जाऊन उभी राहिली.

ज्या दिवसासाठी साधनाने इतकी वर्षं मान खाली घालून काढली, तो दिवस आज जिना चढून येत होता. महासतींच्या भिक्षापात्रात तिच्या हातची पोळी पडली की पेठेतलं एकही तोंड पुन्हा उघडणार नव्हतं. आणि सकाळच्या फुलक्यांचा डबा त्याच ओट्यावर होता. मघाशी बरगड्या उघडल्या त्या जागेपासून वीतभर अंतरावर. त्यातलं अन्न महासतींच्या पात्रात घालायचं? लग्नानंतर पहिल्यांदा हे सगळं शिकली तेव्हा घरात टिकायचं म्हणून शिकली होती. कधीतरी ते तिचं स्वतःचं झालं होतं. कधी झालं, ते आज या भीतीने तिला सांगितलं.

खरं सांगावं? मग आज संध्याकाळी ती कुठे असेल? माहेरी मेलेली, सासरी बाटलेली.

जिन्यात बायकांची कुजबुज थांबली. पांढऱ्या वस्त्रातल्या दोघी साध्वी उंबऱ्यात आल्या. मोठ्या महासती लहानखुऱ्या, तोंडावर मुहपत्तीचं पांढरं कापड, उन्हातून अनवाणी चालून आलेल्या, पावलं धुळीने माखलेली. मागे सज्जनबाई. सासूबाईंचा चेहरा इतका उजळलेला साधनाने कधीच पाहिला नव्हता.

"मत्थएण वंदामि," साधना वाकली.

"दया पाळो," मोठ्या महासती म्हणाल्या. "सूझतं आहे ना, बाई?"

हा प्रश्न काय असतो ते सज्जनबाईंनी तिला घोकून घेतलं होतं. साध्वी जे घेतात ते निर्दोष हवं, म्हणजे सूझतं. देणाऱ्याचा हात त्या वेळी कच्च्या, न उकळलेल्या पाण्याला लागला, हिरव्या भाजीला लागला, विस्तवाला लागला, की झालं असूझतं. मग साध्वी एक शब्द न बोलता माघारी फिरतात आणि त्या दिवशी त्या घरून काही घेत नाहीत. घराची त्याहून मोठी नामुष्की नाही.

"हो हो, सगळं सूझतं आहे," साधनाच्या वतीने सज्जनबाईच बोलल्या. "बिनणी, डबा काढ. फुलके वहोराव, घाल पात्रात. आणि हे काय, ओव्हनमध्ये अजून आहे वाटतं? अगं, वास बघ कसा! लाईट गेलीय म्हणजे विस्तव नाही त्यात. ते पण सूझतं. थांब, मी काढते."

त्यांनी टॉवेल उचलला. काचेआड चंदेरी कागद चमकला. सज्जनबाईंचा हात ओव्हनच्या मुठीवर गेला आणि महासतींनी लाकडी पात्र पुढे धरलं.

साधनाने शेजारचा नळ सोडला आणि दोन्ही हात धारेखाली धरले.

पाण्याचा आवाज स्वयंपाकघरभर झाला. मग मोठ्या महासतींनी पात्र मागे घेतलं. त्यांनी साधनाकडे एकदा पाहिलं, रागाने नाही, पण नीट पाहिलं, आणि त्या वळल्या. उंबऱ्याबाहेर दाटीवाटीने उभ्या असलेल्या बायका बाजूला सरल्या. जिना उतरताना त्यांच्यातली एक दबक्या आवाजात म्हणाली, "शेवटी डोंगरातलीच." ते वरपर्यंत ऐकू आलं.

खुशबू रडत रडत त्यांच्यामागून खाली गेली.

सज्जनबाईंनी हात मुठीवरून काढला होता, पण त्या तिथेच उभ्या होत्या. आवाज चढवायची त्यांची रीत नव्हती आणि तेच जास्त भीतीदायक होतं. "चुकून नाही केलंस," त्या म्हणाल्या. "मी बघितलं. मुद्दाम नळ सोडलास. का?"

साधनाच्या हातातून पाणी निथळत होतं.

"मी रस्त्यात रडले, माहिती आहे? सगळ्यांसमोर. माझ्या सुनेच्या हातचं घेणार म्हणून. का केलंस?"

त्याच वेळी लाईट आली. पंखा फिरला, ओव्हनचा लाल दिवा लागला आणि आतल्या तारा तापायला लागल्या. थोड्याच वेळात गूळ करपायचा गोड, काळसर वास आला आणि त्याच्यापाठोपाठ चरबीचा. या वेळी दालचिनी तो झाकू शकली नाही. सज्जनबाईंनी ओव्हनकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"यात काय आहे?"

"मांस आहे." साधनाने नळ बंद केला. "डुकराचं. ज्ञानाला आज करून न्यायचं होतं, नोकरीसाठी. दुसरीकडे ओव्हन मिळाला नाही. मी हो म्हणाले."

सज्जनबाई मागे सरत सरत भिंतीला टेकल्या. त्यांनी पदर नाकाला लावला. चेहऱ्यावर रक्त उरलं नव्हतं. मुंगी पायाखाली आली तर उपवास करणारी बाई ती.

"महासतींचं पात्र कशाला लागलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. कशालाच नाही."

"फुलका?"

"डबा उघडलाच नाही, मम्मी. तुम्ही ओव्हन उघडणार होता. मला दुसरं काही सुचलं नाही."

सज्जनबाई बराच वेळ तिच्या ओल्या हातांकडे बघत होत्या. त्या काय ठरवत होत्या ते साधनाला कळेना. त्या आता हाक मारतील, सासरे वर येतील, आणि मग संपलं सगळं, एवढंच तिला दिसत होतं. हाक मारायची गरज पडली नाही. जिन्यावर रमणलाल शेठच्या वहाणा वाजल्या, मागे पारस.

"हे काय ऐकतोय मी?" रमणलाल दारातूनच बोलायला लागले. "भर रस्त्यात लोक सांगतायत, शेठ, तुमच्या घरून महासतीजी रिकाम्या पात्राने परतल्या. चार पिढ्या झाल्या या गावात, असं कधी झालं नाही. माझ्या तोंडाला काळं फासलं!"

साधनाने पारसकडे पाहिलं. त्याच्यासाठी ती आली होती या घरात. पारस तिच्याकडे न बघता बापाशेजारी उभा राहिला. "साधना, इतकी साधी गोष्ट," तो म्हणाला. "मम्मीने कितीदा शिकवलं तुला. लक्ष कुठं असतं तुझं?"

"लक्ष नाही, संस्कार नाहीत," रमणलाल म्हणाले. "मी तेव्हाच सांगत होतो. खुशबूलाही मारलं म्हणे मघाशी."

साधना खाली बघत उभी राहिली. मागच्या दाराआड ज्ञाना श्वास रोखून उभा आहे हे तिला माहीत होतं. तो पुढे येऊन काही बोलला तर? ओव्हन घरघरत होता. आत पाक उकळून चुरचुरत होता.

"तिची चूक नाही," सज्जनबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी सांगितलं तिला, हात धू म्हणून. तिच्या हाताला पीठ दिसलं मला. घाईत माझ्याच तोंडून गेलं. सासू म्हणते म्हणून धुतले तिने."

"तू?" रमणलालांचा विश्वास बसेना. "जन्मभर वहोरावत आलीस तू. तू कच्च्या पाण्याने हात धू म्हणालीस?"

"चुकले. म्हातारी झाले." त्यांनी पदर नाकावर घट्ट धरला. "आता तिला बोलू नका. मला बोला."

बायको खोटं बोलेल हे रमणलालांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. पावसाळ्यात दुकानात गुळाला पाणी सुटलं तर गिऱ्हाईकाला आधी सांगणारी ती. त्यांचा राग ओसरला, खांदे पडले. "जाऊ दे," ते म्हणाले. मग त्यांनी हवेत नाक फुलवलं. "पण वास कसला येतोय हा? छान आहे. मला काही जेवण गेलं नाही तिकडे. काढ की थोडं."

ते ओव्हनकडे निघाले. सज्जनबाई भिंत सोडून मध्ये आल्या, नाकाचा पदर काढून, ओव्हनला पाठ लावून उभ्या राहिल्या. ज्या वस्तूपासून त्या मघाशी पळत होत्या तिला आता त्यांची साडी लागत होती.

"ते दुसऱ्याचं आहे," त्या म्हणाल्या. "सांगून करून घेतलेलं. त्याला आपल्या घरातल्या कुणी हात लावायचा नाही. खाली जा तुम्ही, खाखरे पाठवते दुकानातले."

बाप-लेक खाली गेले. जाताना पारस क्षणभर साधनापाशी थांबला, काही बोलावं असं त्याच्या मनात आलं असावं, पण तो बोलला नाही. त्याचं न बोलणं साधनाने त्या दिवशी मनात ठेवून दिलं.

ज्ञानेश्वर दार उघडून आत आला आणि सज्जनबाईंच्या पाया पडायला वाकला. त्या दोन पावलं मागे सरल्या.

"मावशी, माझ्यामुळं झालं. तिचा काय बी दोष न्हाई."

"शिजलं का तुझं?" त्यांनी विचारलं.

तो गोंधळला. "न्हाई अजून. कागद काढून पाक लावायचा ऱ्हायलाय. अर्धा-पाऊण तास."

"मग तिथे जाऊन लाव. जसं आहे तसं घेऊन जा, ओव्हनसकट. मागच्या जिन्याने. परत आणू नकोस."

"ओव्हन? मावशी, तिची नानकटाई..."

"या घरात आता तो नको," सज्जनबाई म्हणाल्या आणि साधनाकडे वळल्या. "तुला हवा आहे?"

साधनाने मान हलवून नाही म्हटलं. पेठेतली तिची ओळख, तिचं बोलणं-चालणं, बायकांनी मारलेली हाक, सगळं त्या ओव्हनमधून बाहेर आलं होतं. ज्ञानाने तो जाड फडक्यात गुंडाळून छातीशी धरला आणि बोळात उभ्या केलेल्या जीपकडे गेला. गरम होता, त्याला चटके बसत होते, पण तो थांबला नाही.

मग साधनाने ओटा धुतला, सोड्याने, राखेने, पुन्हा सोड्याने. डब्यातले फुलके गाईला घातले. सज्जनबाईंनी अंघोळ केली, पण पाण्याचा घोटही घेतला नाही. दिवस मावळायच्या आत दोन घास खा म्हणून खुशबू विनवून गेली. त्या नको म्हणाल्या. साधना समोर आली की त्या तिच्याकडे बघायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ओव्हनचं विचारतील," साधनाने शेवटी धीर करून म्हटलं. "पप्पा."

"विचारतील तेव्हा बघेन मी."

म्हणजे आणखी एक खोटं. महासती गावात आल्या की सज्जनबाई दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन आलोयणा घ्यायच्या, म्हणजे वर्षभराच्या बारीकसारीक चुका सांगून प्रायश्चित्त मागायच्या. लहान पोरीसारख्या खुशीत जायच्या, हलक्या होऊन यायच्या. उद्या त्या काय सांगतील? आजचं खोटं सांगायचं तर सून सांगावी लागणार. सून सांगायची नाही तर खोटं पोटात ठेवून महासतींसमोर बसावं लागणार. आपल्याला घरातून काढतील, एवढीच भीती साधनाला दुपारभर होती. आता तिला सासूसाठी भीती वाटायला लागली, आणि ही पहिलीपेक्षा मोठी होती.

सूर्य मावळला. सज्जनबाईंनी नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत आसन टाकलं आणि दिवा न लावता प्रतिक्रमणाला, दिवसभराच्या पापांची क्षमा मागायला, बसल्या. पलीकडच्या खोलीत पारस आणि रमणलाल दुकानाचं काहीतरी बोलत होते. साधना उंबऱ्याशी उभी राहिली. रोज ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं. सज्जनबाईंचा आवाज एका लयीत चालला होता, पाठ मागून पाठ, आणि मग अठरा पापांची नावं आली.

"पहला प्राणातिपात," सज्जनबाई म्हणाल्या.

आणि थांबल्या. पहिलं नाव हिंसेचं, दुसरं खोट्याचं. त्या पुन्हा पहिल्यापासून आल्या, पुन्हा तिथेच थांबल्या. अंधारात त्यांच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता.

साधनाच्याने ऐकवेना. ती आत गेली आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

"दूजा मृषावाद," ती म्हणाली. "हे माझं आहे, मम्मी, तुमचं नाही. उद्या मी येते तुमच्याबरोबर. महासतींना मी सगळं सांगते. मग हे लोक मला..."

अंधारातून सज्जनबाईंचा हात आला आणि तिच्या तोंडावर बसला. हात गार पडला होता.

"हळू बोल," त्या कुजबुजल्या. "पलीकडे पारस आहे. ऐकेल."